पुरवणी तक्त्यातील दोन सारख्या ओळी : ठाणे खाडीच्या गाळावरील एका शोधनिबंधाचे प्रकरण

ठाणे खाडीच्या गाळात जड धातूंचे प्रमाण किती आहे आणि खोलीनुसार ते कसे बदलते, या विषयावर नवी मुंबईतील एका महाविद्यालयाच्या पर्यावरणशास्त्र विभागाने लिहिलेला शोधनिबंध परीक्षणानंतर परत आला. पहिल्या परीक्षकाने भाषा आणि आकृत्यांबाबत किरकोळ सूचना केल्या होत्या. दुसऱ्याने मात्र मुख्य निबंधावर जेमतेम चार ओळी लिहून बाकीचा सारा अभिप्राय पुरवणी फाइलवर, म्हणजे निबंधासोबत जोडलेल्या नमुनानिहाय आकड्यांवर, खर्च केला होता. त्याचे म्हणणे असे की, पुरवणीतील आकड्यांवरून निबंधाच्या दुसऱ्या तक्त्यातील सरासऱ्या काढून पाहिल्या तर त्या जुळत नाहीत. शिवाय दोन वेगळ्या ठिकाणांचे, वेगळ्या खोलीवरचे दोन नमुने असे आहेत की, त्यांचे सातही धातूंचे आकडे तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत एकसारखे आहेत. याचा खुलासा होईपर्यंत निबंधावर मत देता येणार नाही, असे सांगून त्याने अभिप्राय संपवला होता.

या शेऱ्यात न लिहिलेली एक शंका होती आणि ती विभागाच्या तात्काळ लक्षात आली. खाडीच्या गाळाचे दोन नमुने सात धातूंच्या बाबतीत तिसऱ्या दशांशापर्यंत सारखे येणे निसर्गात घडत नाही; एकाच नमुन्याचे दोन भाग करून तपासले तरी ते घडत नाही. म्हणजे आकडे एक तर चुकून दोनदा उतरले, नाही तर कोणीतरी रचले. मार्गदर्शक प्राध्यापिकांनी सर्व फाइली आहेत तशा, काहीही न सुधारता, प्रस्तुत लेखकाकडे सांख्यिकी तपासणीसाठी पाठवल्या. आहेत तशा पाठवल्या म्हणूनच पुढचा माग लागू शकला, हे येथे नमूद केले पाहिजे.

कामाची मांडणी साधी आणि विचारपूर्वक केलेली होती. उत्तरेला उल्हास नदीशी अरुंद जोड आणि दक्षिणेला मुंबई बंदराकडे रुंद मुख, अशी या खाडीची रचना आहे. पूर्व काठाला ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहत आहे आणि दोन्ही काठांना तिवरांचे दाट कांदळवन आहे. खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यामुळे गाळात काय साचते आहे या प्रश्नाला केवळ शैक्षणिक महत्त्व उरलेले नाही. विटाव्यापासून वाशी पुलापर्यंत दहा स्थानके निवडली होती. उत्तरेकडून मोजत १ ते १० असे त्यांचे क्रमांक होते. प्रत्येक स्थानकावर ओहोटीच्या वेळी नळी खुपसून गाळाचा उभा गाभा काढायचा, त्याचे दोन-दोन सेंटिमीटरचे सहा काप करायचे आणि काप जिथे संपतो ती खोली त्याला जोडायची, म्हणजे २, ४, ६, ८, १० आणि १२ सेंटिमीटर. हे काम पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा झाले. दोन्ही हंगामांची पाने वेगळी होती आणि प्रत्येक पानावर ६० ओळी होत्या.

नमुन्याच्या पिशवीवर लिहायला सोपे म्हणून स्थानक आणि खोली यांची जोडी हाच कोड ठरवला होता : चौथ्या स्थानकाचा आठ सेंटिमीटरचा काप म्हणजे ४-८, आठव्या स्थानकाचा चार सेंटिमीटरचा काप म्हणजे ८-४. पिशवीवर, मार्करने, हा कोड निर्दोष आहे. संगणकात मात्र तो तारीख आहे.

परीक्षकाच्या दोन तक्रारींपैकी न जुळणाऱ्या सरासऱ्यांपासून सुरुवात करणे अधिक उपयोगी ठरले, कारण न जुळण्यालाही एक आकार असतो. शिशाच्या सरासऱ्या दहापैकी सात स्थानकांवर अचूक जुळत होत्या आणि फक्त ६, ८ आणि १० या स्थानकांवर चुकत होत्या. तांबे, जस्त, निकेल आणि क्रोमियम यांचीही तीच तीन स्थानके चुकत होती. कॅडमियम आणि पारा यांचे मात्र जवळपास कुठेच जुळत नव्हते. यावरून चुका दोन प्रकारच्या आहेत एवढे उघड झाले : एक ठरावीक सम क्रमांकांच्या स्थानकांपुरती, आणि दुसरी ठरावीक धातूंपुरती. मनाने रचलेले आकडे इतक्या शिस्तीने चुकत नाहीत.

पहिल्या प्रकाराचा उलगडा पुरवणीतील एका लपवलेल्या रकान्यात होता. स्थानक आणि खोली यांचे रकाने वेगळे असल्यामुळे कोडचा रकाना वाचण्याची कोणाला गरज भासली नव्हती. तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून तो लपवला होता, आणि फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात साठवताना तो आपोआप पुन्हा प्रकट झाला. त्यात ४-८ च्या जागी ‘०८-एप्रिल’ होते आणि ८-४ च्या जागीही ‘०८-एप्रिल’च होते.

हे घडले ते असे. १ ते ५ या स्थानकांची नोंद ज्या संगणकावर झाली त्याची तारखेची रचना अमेरिकी पद्धतीची, म्हणजे आधी महिना मग दिवस अशी होती. अनेक संगणकांवर कोणी बदलेपर्यंत तीच असते. ६ ते १० या स्थानकांची नोंद दुसऱ्या संगणकावर, आधी दिवस मग महिना अशा भारतीय रचनेत झाली. पहिल्या संगणकाने ४-८ चा अर्थ चौथ्या महिन्याची आठ तारीख असा लावला, दुसऱ्याने ८-४ चा अर्थ आठ तारीख, चौथा महिना असा लावला. नोंदी २०२४ मध्ये झाल्या होत्या, म्हणून दोन्ही ठिकाणी प्रत्यक्षात साठवली गेली ती एकच संख्या : ४५३९०, म्हणजे १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून एक्सेल या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरने मोजलेला दिवसांचा क्रमांक. पुढे क्षेत्रनोंदींच्या पानावर प्रयोगशाळेतील आकडे आणण्यासाठी कोडवरून ओळ शोधणारे एक्सेलचे ‘व्हीलुकअप’ हे सूत्र वापरले गेले. हे सूत्र जुळणारी पहिली ओळ सापडताच थांबते. पहिली ओळ चौथ्या स्थानकाची होती, त्यामुळे आठव्या स्थानकालाही चौथ्याचेच आकडे मिळाले. कोणतीही सूचना आली नाही, कोणताही सेल लाल झाला नाही.

परीक्षकाच्या नजरेस अशी एकच जोडी पडली होती. वास्तविक त्या रचनेत अशा सहा जोड्या होणे अटळ होते : २-६ आणि ६-२, २-८ आणि ८-२, २-१० आणि १०-२, तसेच ४-६ आणि ६-४, ४-८ आणि ८-४, ४-१० आणि १०-४. दोन्ही हंगामांच्या पानांवर त्याच सहा. प्रत्येक जोडीत चुकीचे आकडे मिळाले ते दक्षिणेकडील स्थानकाला; म्हणजे ६, ८ आणि १० या स्थानकांच्या वरच्या दोन थरांत उत्तरेकडील २ आणि ४ या स्थानकांच्या खालच्या थरांचे आकडे जाऊन बसले. दुसरा तक्ता प्रयोगशाळेच्या मूळ पानावरून, ही जोडणी होण्याआधी केला होता, म्हणून तो शिशापुरता बरोबर होता. खोलीनुसार बदल दाखवणारी तिसरी आकृती मात्र जोडलेल्या पानावरून काढली होती. निबंधाचा मुख्य निष्कर्ष तिच्यावरच उभा होता : उत्तरेकडे वरच्या थरांत शिसे कमी आणि खाली जास्त, तर दक्षिणेकडे असा फरक नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, त्याचा हा ठसा असावा आणि दक्षिणेकडे भरतीच्या प्रवाहाने गाळ ढवळला जात असल्यामुळे तो पुसला गेला असावा, असे स्पष्टीकरणही दिले होते. स्पष्टीकरण पटण्याजोगे होते, ही यातली खरी अडचण. जे पटते ते पुन्हा तपासून पाहण्याची निकड वाटत नाही.

संशोधक विद्यार्थिनीची प्रतिक्रिया अशी होती : “सर, स्थानक आणि खोली समोर दिसत होती, त्यामुळे कोडच्या रकान्यात काय झालंय हे बघायचं सुचलंच नाही.” तिचे म्हणणे खोटे नाही, पण संगणक जोडणी करत होता ती त्या न दिसणाऱ्या रकान्यावरून.

तारखेची ही खोड जगभरच्या संशोधनाला चांगलीच परिचित आहे. ‘सेप्ट२’ आणि ‘मार्च१’ यांसारखी जनुकांची नावे एक्सेलमध्ये २ सप्टेंबर आणि १ मार्च होतात, हे २००४ सालीच लिहिले गेले होते. २०१६ मध्ये ‘जीनोम बायोलॉजी’ या नियतकालिकात मार्क झीमन आणि सहकाऱ्यांनी पुरवणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे पाचातील एका निबंधात अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलून ‘सेप्टिन२’ आणि ‘मार्चएफ१’ अशी केली. शास्त्राने सॉफ्टवेअरपुढे माघार घेतली असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकाला तो शहाणपणा वाटतो. ओळी सरकल्याने होणारे नुकसान याहून गंभीर असू शकते. ड्यूक विद्यापीठात कर्करोगावरील औषधाची निवड जनुकांवरून करण्याचे जे काम झाले, त्याची छाननी किथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी प्रसिद्ध आकड्यांवरून केली आणि २००९ मध्ये दाखवून दिले की, काही याद्यांतील जनुके एका ओळीने सरकलेली आहेत. त्या कामावर आधारलेल्या रुग्णचाचण्या पुढे बंद कराव्या लागल्या. दोन्ही उदाहरणांत चूक सापडली ती मागे ठेवलेल्या आकड्यांत. निबंध कितीही वेळा वाचून ती दिसली नसती.

आता दुसरा प्रकार, कॅडमियम आणि पारा यांचा. येथे यंत्राचा दोष नव्हता आणि सूत्राचाही नव्हता. एकाच गोष्टीसाठी तीन जणांनी तीन पद्धती वापरल्या होत्या. उपकरणाला एका मर्यादेखालचे प्रमाण विश्वासाने मोजता येत नाही. त्या शोधमर्यादेखालच्या नमुन्यांसमोर प्रयोगशाळेने ‘आढळले नाही’ असे लिहिले होते. पुरवणी तयार करताना त्यांतील काही ठिकाणी ० आले, काही सेल कोरे राहिले, आणि दुसरा तक्ता करताना मर्यादेची निम्मी किंमत धरली गेली. निबंधाच्या मजकुरात यापैकी कशाचाच उल्लेख नव्हता.

याने किती फरक पडतो ते लहानशा उदाहरणावर पाहता येईल. समजा पाच नमुने आहेत, शोधमर्यादा ०.२ आहे, दोन नमुन्यांत ०.४ आणि ०.६ मिळाले आणि तिघांत काहीच आढळले नाही. न आढळलेल्यांना शून्य धरले तर सरासरी ०.२० येते, निम्मी मर्यादा धरली तर ०.२६, पूर्ण मर्यादा धरली तर ०.३२, आणि ते तीन सेल कोरे सोडले तर संगणक उरलेल्या दोघांचीच सरासरी काढून ०.५० सांगतो. गाळ तोच, उपकरण तेच, आणि उत्तर अडीचपट. कोरा सेल हा यातील सर्वांत फसवा प्रकार आहे, कारण तो निरागस दिसतो. नमुना हरवला, मोजलाच नाही, की मोजला आणि आढळले नाही, या तीन अगदी भिन्न गोष्टी त्यात एकत्र होतात. निम्म्यापेक्षा अधिक नमुने मर्यादेखाली असतील तर सरासरी देऊच नये. मर्यादेच्या वर किती आले तेवढे सांगावे आणि त्यांची व्याप्ती द्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे आणि विभागाने ते कॅडमियमपुरते मान्य केले. निम्म्या मर्यादेचा संकेत प्रचलित आहे, पण तोही अखेर एक सोयच आहे.

तपासणीत आणखी दोन गोष्टी निघाल्या, ज्या परीक्षकाने विचारल्या नव्हत्या. पुरवणीत सरासरीपुढे ± या चिन्हाने जो आकडा दिला होता तो एका पानावर प्रमाण विचलन, म्हणजे नमुन्यांचा विखुरलेपणा, होता आणि दुसऱ्यावर प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या विचलनाला नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून येणारी सरासरीची अनिश्चितता. १६ नमुन्यांचे प्रमाण विचलन ८ असेल तर प्रमाण त्रुटी २ असते. ‘२४ ± ८’ आणि ‘२४ ± २’ ही दोन्ही विधाने एकाच आकडेवारीची, पण वाचणाऱ्याला पहिल्यात नमुने विखुरलेले दिसतात आणि दुसऱ्यात एकवटलेले. चिन्हाचा अर्थ तळटीपेत नसेल तर ते चिन्ह न लिहिलेलेच बरे.

दुसरी गोष्ट स्थानकांच्या अक्षांश-रेखांशांची. जीपीएसवर १९ अंश ०४ मिनिटे ३० सेकंद आणि ७२ अंश ५८ मिनिटे १२ सेकंद असे दिसलेले स्थान पुरवणीत १९.०४३० आणि ७२.५८१२ असे उतरले होते. मिनिटे साठाने भागून दशांशात आणायची असतात. योग्य रूप १९.०७५ आणि ७२.९७० असे आहे. उतरवलेले आकडे नकाशावर टाकताच वाशी पुलाच्या वरच्या अंगाचे हे स्थानक साडेतीन किलोमीटर दक्षिणेला आणि सुमारे चाळीस किलोमीटर पश्चिमेला सरकून भर अरबी समुद्रात पडले. निबंधातील नकाशा हाताने खुणा करून काढलेला असल्याने त्यावर सर्व स्थानके जागच्या जागी होती. उद्या कोणी त्याच ठिकाणी पुन्हा नमुना घ्यायला गेले असते तर मात्र त्याच्या हाती पुरवणीतले आकडेच असते.

दुरुस्ती करताना जुन्या फाइलीवर ठिगळे लावायची नाहीत, प्रयोगशाळेच्या छापील नोंदींपासून नवी पुरवणी बांधायची, असे ठरले. कोड बदलून ‘स्था०४_खो०८’ असा केला, जो कोणत्याही संगणकाला तारीख वाटू शकत नाही. एका ओळीत एक नमुना आणि एक धातू, अशी लांब मांडणी स्वीकारली. त्यामुळे प्रत्येक आकड्याशेजारी एकक, शोधमर्यादा, आणि मोजले, मर्यादेखाली, हरवले यांपैकी स्थिती लिहिण्यास जागा मिळाली. एकत्र केलेले सेल, रंगांनी दाखवलेला अर्थ आणि लपवलेले रकाने काढून टाकले, कारण रंग साध्या मजकुराच्या फाइलीत टिकत नाही आणि लपवलेले कायम लपत नाही, हे नुकतेच दिसले होते. फाइल ‘सीएसव्ही’ स्वरूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुरात, ठेवली. पूर्वी ती परीक्षकांकडे ‘पीडीएफ’मध्ये गेली होती, जिच्यातून आकडे पुन्हा हाताने उतरवून घेतल्याशिवाय कोणालाही काही तपासता आले नसते, पहिल्या फेरीतील परीक्षकाने ते कष्ट घेतले, सगळे घेत नाहीत. सोबत एक माहितीपत्रक जोडले, ज्यात प्रत्येक रकान्याचे नाव, अर्थ, एकक आणि स्वीकार्य किमती एकेका ओळीत लिहिल्या. धातूंचे प्रमाण कोरड्या वजनाच्या दर किलोग्रॅमला मिलिग्रॅममध्ये आहे, हे वाक्य आधी कुठेच नव्हते. ओल्या आणि कोरड्या गाळाच्या वजनात पाण्याएवढा फरक असतो आणि खाडीच्या गाळात पाणी पुष्कळ असते, तेव्हा या एका वाक्यावाचून अन्य खाड्यांशी तुलना करणेच निरर्थक ठरले असते.

यानंतर निबंधातील प्रत्येक तक्ता आणि आकृती त्या एकाच फाइलीवरून, ‘आर’ या सांख्यिकीच्या संगणकभाषेतील लिहून ठेवलेल्या आज्ञांनी नव्याने काढली आणि त्या आज्ञाही पुरवणीत दिल्या. हा भाग विभागाला आधी अनावश्यक वाटला होता. पुरवणी जितकी मोठी तितकी ती कोणी वाचत नाही, हा त्यांचा आक्षेप अगदीच गैर म्हणता येत नाही. ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’ने २०१० साली पुरवणी साहित्य घेणेच थांबवले, त्यामागे परीक्षकांवर पडणारा हाच भार होता. पण तो आक्षेप जादा प्रयोग आणि जादा आकृत्या पुरवणीत कोंबण्याला लागू आहे. निबंधात छापलेला आकडा ज्या ओळींतून निघाला त्या ओळी देणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला आकाराची सबब लागू होत नाही.

नव्या आकृतीत ६, ८ आणि १० या स्थानकांचे वरचे थर आपापल्या खऱ्या किमतींवर आले आणि दक्षिणेकडेही शिशाचे प्रमाण वर कमी, खाली जास्त असेच दिसू लागले. उत्तर-दक्षिण भेदाचा निष्कर्ष मागे घेतला गेला आणि त्याबरोबर प्रवाहाने गाळ ढवळण्याचे स्पष्टीकरणही. पेट्रोलशी जोडलेला संबंध ‘शक्यता’ म्हणून राहिला, कारण गाळाच्या थरांचे वय मोजलेले नव्हते आणि बारा सेंटिमीटर म्हणजे किती वर्षे हे त्यावाचून सांगता येत नाही. संपादकांना पाठवलेल्या उत्तरात सहाही जोड्यांची यादी, चूक कशी झाली याचे वर्णन आणि जुनी फाइल हे तिन्ही दिले. परीक्षकाने एकच जोडी पकडली असताना उरलेल्या पाच स्वतःहून सांगाव्यात का, यावर विभागात थोडी चर्चा झाली. जुनी फाइल परीक्षकाकडे होतीच, हा व्यवहारी मुद्दाही त्या चर्चेत निर्णायक ठरला.

दुसऱ्या फेरीत परीक्षकाने दोन सारख्या ओळींविषयी काही विचारले नाही. नव्या रकान्यांपैकी शोधमर्यादेच्या रकान्याकडे बोट दाखवून त्याने एवढेच विचारले की, कॅडमियमची मर्यादा पावसाळ्याआधी एक आणि नंतर दुसरी का. नमुन्याविना चालवलेल्या कोऱ्या चाचण्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट, अशी ती मर्यादा प्रत्येक खेपेला नव्याने काढली होती आणि दुसऱ्या खेपेच्या कोऱ्या चाचण्या अधिक स्थिर आल्या होत्या, त्यामुळे मर्यादा खाली गेली. साहजिकच पावसाळ्यानंतर कॅडमियम ‘अधिक नमुन्यांत आढळले’ या विधानात गाळाचा वाटा किती आणि उपकरणाचा किती, हे वेगळे करता येईना. दोन्ही हंगामांना वरची मर्यादा लावून मोजणी पुन्हा केली, तेव्हा फरक उरला नाही. कॅडमियमच्या हंगामी बदलावरचा परिच्छेद निबंधातून वगळला आणि दोन्ही मर्यादा पुरवणीत आपापल्या ओळींत तशाच ठेवल्या.